मुलगी म्हणते ‘मी इंग्लिश’, वर्गातला मुलगा म्हणतो ‘नाहीस’. बरोबर कोण?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं २०१३ साली साताऱ्याहून इंग्लंडमधल्या रेडिंगला आलात. मुलगी २०१६ मध्ये तिथेच जन्मली. तुम्ही दोघांनी गेल्या वर्षी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. परवा वर्गात ती सहज म्हणाली, “मी इंग्लिश आहे.” त्यावर एक मुलगा म्हणाला, “तू ब्रिटिश असशील, इंग्लिश नाहीस.” घरी येऊन तिनं तुम्हाला विचारलं आणि तुम्हाला उत्तर सुचेना. रात्री व्हिडिओ कॉलवर आजोबा म्हणाले, “तू मराठी आहेस, एवढंच लक्षात ठेव,” आणि पोर आणखी गोंधळली. तुम्ही विचारलंय की कायद्यानं बरोबर कोण.

मी लेस्टरला राहते आणि बावीस वर्षं स्थलांतर-नागरिकत्वाच्या अर्जांचं काम करते. तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर एका ओळीचं आहे: कोण इंग्लिश आणि कोण नाही, याबद्दल कायदा काहीच सांगत नाही. इंग्लंड हा स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसारखा युनायटेड किंग्डमचा, म्हणजे बोलण्यातल्या ब्रिटनचा, एक भाग; त्याचं वेगळं नागरिकत्वच नाही. पण तुमच्या मुलीनं कायदा विचारलेला नाही. ती विचारतेय, “मी इथली आहे ना?” त्याचं उत्तर लांब आहे. त्यात शिरण्याआधी मला तुमच्या मजकुरातल्या एका वाक्यापाशी थांबायला हवं.

तुम्ही लिहिलंय, “ती तर जन्मानंच ब्रिटिश आहे.” कशावरून? १ जानेवारी १९८३ पासून, म्हणजे १९८१ चा नागरिकत्व कायदा लागू झाल्यापासून, या देशात नुसता जन्म झाला म्हणून मूल ब्रिटिश होत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील, दोघांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक तरी हवा किंवा कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे ज्याला आपण सगळे आयएलआर म्हणतो, ती मिळालेला तरी हवा. तुम्ही २०१३ ला कामाच्या व्हिसावर आला असाल आणि नेहमीप्रमाणे पाच वर्षांनी आयएलआर झालं असेल, तर २०१६ मध्ये तुम्ही दोघंही व्हिसावरच होता. तसं असेल तर मुलगी जन्मानं ब्रिटिश नाही. तिचा ब्रिटिश पासपोर्ट आधीच निघाला असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. नसेल तर आज कपाट उघडून तुमच्या आयएलआरची तारीख आणि तिच्या जन्मदाखल्यावरची तारीख शेजारी ठेवून बघा. घाबरण्याचं कारण नाही. आईवडिलांपैकी एकाला आयएलआर किंवा नागरिकत्व मिळालं की इथे जन्मलेल्या मुलाची ब्रिटिश म्हणून नोंदणी करून घेण्याचा हक्क आहे, मात्र अर्ज ती अठरा वर्षांची होण्याआधी गेला पाहिजे. फॉर्मचं नाव एमएन-१, फी हजार पौंडांच्या आसपास. ते राहून गेलं तरी आणखी एक वाट असते: जन्मापासूनची पहिली दहा वर्षं इथेच काढलेलं मूल, त्या प्रत्येक वर्षात नव्वद दिवसांपेक्षा जास्त बाहेर गेलेलं नसेल तर, पुढे कधीही नोंदणी मागू शकतं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे तिचा भारतीय पासपोर्ट जमा करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं कार्ड) करण्याचं कामही मागोमाग येईल.

हे मी आधी सांगितलं कारण याच घोटाळ्यापायी लोक रडताना मी पाहिलेत. लंडनमध्ये जन्मलेला, तिथेच शिकलेला, कधी परदेशी न गेलेला एक तिशीचा मुलगा माझ्यासमोर बसला होता. मधुचंद्राला जायचं म्हणून पहिल्यांदा पासपोर्टचा अर्ज केला आणि कळलं की आपण ब्रिटिश नाही. त्याच्या बोलण्यात, खाण्यात, शनिवारच्या फुटबॉलमध्ये, सगळ्यात इंग्लंड होतं. कागदावर मात्र तो ज्या देशाचा होता तो त्यानं पाहिलेलाही नव्हता. आपण कुठले, आणि आपला कागद कुठला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे मला त्याच्याकडून कळलं.

आता तुमच्या शपथविधीची आठवण काढा. राजा आणि त्याच्या वारसांशी निष्ठा, मग युनायटेड किंग्डमशी निष्ठा, त्याच्या हक्कांचा आणि स्वातंत्र्यांचा मान, लोकशाही मूल्यांचं पालन. इंग्लंड हा शब्द त्यात कुठेही नव्हता. हा विसरभोळेपणा नाही, यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला, आणि त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या एका तान्ह्या मुलाच्या नावानं लंडनमध्ये खटला उभा राहिला: याला इंग्लंडमध्ये जमीन धारण करता येईल की हा परका? १६०८ मध्ये न्यायाधीश म्हणाले, एकाच राजाच्या छत्राखाली जन्मलेला, म्हणजे परका नव्हे. म्हणजे नातं राजाशी. गोताचा प्रश्नच नव्हता.

हेच तत्त्व पुढे साम्राज्याबरोबर पसरत गेलं आणि ते तुमच्या घरापर्यंत पोचलं होतं. १८४८ मध्ये डलहौसीनं सातारचं राज्य खालसा केलं. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस कायद्यानं ब्रिटिश प्रजाजन असे, त्यामुळे तुमचे पणजोबा साताऱ्यात जन्मले असतील तर तेही ब्रिटिश प्रजाजनच होते. अर्थात प्रजा म्हणून, बरोबरीचे म्हणून नव्हे. पण त्याच आधारावर मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले दादाभाई नौरोजी लंडनमधून ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीला उभे राहू शकले. त्यासाठी त्यांना कोणतंही नवं नागरिकत्व घ्यावं लागलं नाही. पंतप्रधान सॉल्झबरी १८८८ मध्ये जाहीर सभेत म्हणाले होते की इंग्लिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल असं वाटत नाही. १८९२ मध्ये लंडनच्या फिन्सबरी मतदारसंघानं दादाभाईंना निवडून दिलं, पाच मतांनी. सॉल्झबरींच्या मनातले इंग्लिश आणि फिन्सबरीतले इंग्लिश तेव्हाही एक नव्हते.

वंशाची अट कायद्यात खऱ्या अर्थानं आली ती १९६८ मध्ये. १९४८ च्या कायद्यानं ब्रिटन आणि वसाहती मिळून एकच नागरिकत्व ठेवलं होतं. विंडरश जहाजातून त्या वर्षी लंडनजवळच्या टिलबरीला उतरलेले जमैकाचे लोक आधीपासूनच ब्रिटिश प्रजाजन होते, म्हणजे आपल्याच देशात येत होते. १९६२ पासून वाट अरुंद होऊ लागली. मग केनियातले भारतीय वंशाचे लोक, हातात ब्रिटिश पासपोर्ट असलेले, येऊ लागले तेव्हा संसदेनं तीन दिवसांत कायदा केला: स्वतः, आई, बाप, आजी किंवा आजोबा यांच्यापैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेलं किंवा तिथे नागरिकत्व घेतलेलं असेल तरच सरळ प्रवेश. पासपोर्ट तोच, पण आजोबा कुठले हे विचारलं जाऊ लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ईस्टबोर्नच्या भाषणात स्थलांतराला विरोध करणारे खासदार इनॉक पॉवेल म्हणाले की वेस्ट इंडियन किंवा आशियाई माणूस इंग्लंडमध्ये जन्मला म्हणून इंग्लिश होत नाही; कायद्यानं तो नागरिक होईल, प्रत्यक्षात तो वेस्ट इंडियन किंवा आशियाईच राहील. तुमच्या मुलीच्या वर्गातल्या मुलाला पॉवेल कोण हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण तो जे बोलला ते वाक्य पन्नास-साठ वर्षं घराघरांत फिरत त्याच्यापर्यंत आलंय.

ते अजूनही फिरतंय, आणि ते बोलणारे सगळे गोरे आहेत असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला ऋषी सुनक इंग्लिश आहेत का, यावर मोठा वाद झाला. सुनक साउदम्प्टनला जन्मले, देशाचे पंतप्रधान झाले, आणि आपण इंग्लिश आहोत असंच ते म्हणतात. त्याच वेळी माजी गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी लिहिलं की मी ब्रिटिश आहे, पण इंग्लिश नाही. त्यांचा जन्म लंडनचा, वडील केनियातले, मूळ गोव्याचे. दोघं तेव्हा एकाच पक्षाचे, दोघांचा जन्म १९८० चा, दोघांच्याही घरची वाट पूर्व आफ्रिकेला लागून आलेली, आणि उत्तरं उलटी. ब्रेव्हरमन यांना स्वतःबद्दल असं म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे. माझा आक्षेप सुरू होतो तो त्यांचं उत्तर तुमच्या मुलीवर लादलं जातं तेव्हा.

मग इंग्लिश म्हणजे नेमकं काय? इथे त्या मुलाच्या घरच्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे, आणि हे मी मनापासून म्हणते. स्कॉटलंड आणि वेल्सला १९९९ पासून स्वतःची विधिमंडळं आहेत, इंग्लंडला नाही. २०१४ मध्ये स्कॉटलंडनं स्वातंत्र्यावर मतदान घेतलं तेव्हा तिथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मत होतं, आणि लंडनला राहणाऱ्या, ग्लासगोत जन्मलेल्या माणसाला नव्हतं. म्हणजे ‘स्कॉटलंडचा कोण’ याचं एक जाहीर उत्तर त्या लोकांना मिळालं: जो इथे राहतो तो. इंग्लंडवर असं ठरवायची वेळच कधी आली नाही. इंग्लंडचा पालक संत सेंट जॉर्ज, त्याच्या दिवशी, २३ एप्रिलला, सुट्टीसुद्धा नसते. शेकडो वर्षं इंग्लिश लोकांनी आपलं नाव ब्रिटनमध्ये मिसळून टाकलं. १९६६ ला वेम्बलीवर इंग्लंडनं विश्वचषक जिंकला त्याचे फोटो पाहा, प्रेक्षकांच्या हातात युनियन जॅक, म्हणजे सगळ्या ब्रिटनचा झेंडा दिसेल. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस, म्हणजे इंग्लंडचा स्वतःचा, सेंट जॉर्जचा झेंडा, त्याच वेम्बलीवर गर्दीनं फडकला तो १९९६ च्या युरो स्पर्धेत. ज्या राष्ट्राला स्वतःची संसद नाही, नागरिकत्व नाही, त्याची ओळख कुठे जाऊन राहते? फुटबॉलच्या मैदानात आणि घरातल्या आठवणींत. घरातली आठवण म्हटली की आजी-आजोबा आले, आणि आजी-आजोबा आले की गोत आलं. माझ्या मते तो मुलगा जे बोलला त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. सगळं मूळ द्वेषात नाही.

ही ओळख किती सैल आहे ते जनगणनेत दिसतं. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ ला पहिल्यांदा राष्ट्रीय ओळख विचारली, तेव्हा ५७.७ टक्के लोकांनी ‘फक्त इंग्लिश’ लिहिलं. २०२१ मध्ये तो आकडा १४.९ वर आला आणि ‘फक्त ब्रिटिश’ १९.१ वरून ५४.८ वर गेला. दहा वर्षांत एवढे लोक बदलले का? नाही. इंग्लंडमधल्या अर्जावर पर्यायांचा क्रम बदलला आणि ‘ब्रिटिश’ हा पहिला चौकोन झाला. जी ओळख चौकोनांच्या क्रमानं एवढी हलते, ती रक्तात ठरलेली असते असं मला कुणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही.

रक्ताचंच बोलायचं तर रेडिंगमध्येच एक जागा आहे. शहराच्या मधोमध पडक्या भिंती उभ्या आहेत त्या रेडिंग ॲबीच्या. ११२१ मध्ये पहिल्या हेन्रीनं ती बांधायला घेतली आणि त्याला तिथेच पुरलं. त्याचा बाप १०६६ ला नॉर्मंडीहून समुद्र ओलांडून आला आणि घरात फ्रेंच बोलत असे. त्याला कुणी इंग्लंडच्या राजांच्या यादीतून काढत नाही. लंडनच्या ब्रिक लेनवर एक इमारत आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून पळून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांनी प्रार्थनेसाठी बांधली, पुढे ती मेथडिस्टांकडे गेली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं सिनेगॉग झाली, आणि १९७६ पासून बांगलादेशींची मशीद आहे. त्या ह्युगेनॉटांचे वंशज आज कुठे आहेत? सगळीकडे आहेत. ते इंग्लिश आहेत, आणि ते इंग्लिश कधी झाले याची तारीख कुठल्याच दप्तरात नाही. रंग वेगळा असला की हा रस्ता जास्त लांब असतो हे मात्र मी लपवणार नाही. ह्युगेनॉटच्या नातवाला कुणी रस्त्यात थांबवून “तू मूळचा कुठला” असं विचारलं नसेल. तुमच्या नातीलाही विचारतील.

लेस्टरमध्ये हा प्रवास मी जवळून पाहिलाय. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या ‘युगांडा आर्गस’ या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका, जागा नाही. लोक आले. त्यांच्या मुलांनी इथली बंद पडणारी दुकानं चालवली आणि त्यांची नातवंडं आज लेस्टरच्या अस्सल ढंगात एकमेकांना ‘मी डक’ (इंग्रजीत me duck, शब्दशः ‘माझं बदक’) म्हणतात. आपल्याकडे माणसाला ‘बाळा’ किंवा ‘राजा’ म्हणतात तसलं हे संबोधन, खास याच भागातलं. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना बागेतल्या म्हाताऱ्या शेजारणीला “ता, मी डक” म्हणाला. ‘ता’ म्हणजे थँक्यू. तिनं त्याच्याकडे पाहिलं ते आपल्या गल्लीतल्या पोराकडे पाहतात तसं. २०१६ ला लेस्टर सिटीनं प्रीमियर लीग जिंकली तेव्हा रस्त्यावरच्या गर्दीत निळे स्कार्फ घातलेल्या गुजराती आज्या होत्या. त्या गर्दीत कोण कुठलं हे कुणी विचारलं नाही.

म्हणून मुलीशी बोलताना मी गावापासून सुरुवात करते. आपल्या मराठीला ‘-कर’ हा फार मोठ्या मनाचा प्रत्यय मिळालाय. सातारकर, नागपूरकर, मुंबईकर. तो लागायला गोत लागत नाही, राहणं लागतं. तिला सांगा: तू रेडिंगकर आहेस. केनेट नदी थेम्सला मिळते ते ठिकाण तुला ठाऊक आहे, बाबांना तूच दाखवलंस. रेडिंग इंग्लंडात आहे, म्हणून तू इंग्लंडची आहेस, आणि इंग्लंडच्या मुलीला इंग्लिश म्हणतात. कुणी नाही म्हटलं तर ते त्या माणसाचं मत झालं. इंग्लिश असण्याचा दाखला देणारं ऑफिस नाही, तसं तो नाकारणारंही नाही. आणि तू मराठीही आहेस, कारण आजोबांशी तू मराठीत भांडतेस. नऊ वर्षांच्या मुलीला इतकं पुरतं. ती पंधराची झाली की पॉवेल, १९६८, हे सगळं सांगा. तेव्हा ती स्वतः ‘ब्रिटिश’ हाच शब्द निवडेल, किंवा ‘ब्रिटिश इंडियन’ म्हणेल, किंवा कुठलाच नको म्हणेल. माझ्या अशिलांच्या मुलांत ही तिन्ही उत्तरं मी ऐकली आहेत, कधी एकाच घरातल्या भावंडांकडून. तिचं उत्तर बदललं तर तिनं तुम्हाला फसवलं असं समजू नका.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. शाळेत तिच्यासारखी मुलं किती, शिक्षक कसे, तुमची वस्ती कुठली. २०२५ च्या उन्हाळ्यात अनेक गावांत दिव्यांच्या खांबांवर सेंट जॉर्जचे झेंडे लागले. माझ्या गल्लीत ज्यानं लावला तो माझा नवरा आजारी असताना दर आठवड्याला आमचा कचऱ्याचा डबा आत आणून ठेवणारा शेजारी. त्याच आठवड्यात माझ्या एका अशील बाईंना बसथांब्यावर “परत जा” ऐकावं लागलं. झेंडा एकच. त्यामुळे झेंडा पाहून मी लगेच काही ठरवत नाही, लावणारा माणूस बघते. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या एका वर्षात ब्रिटनमध्ये येणारे वजा जाणारे हा आकडा नऊ लाखांच्या वर गेला होता. घरभाडं, डॉक्टरची वेळ, शाळेतल्या जागा यांची तक्रार करणारा प्रत्येक जण तुमच्या मुलीचा शत्रू नाही. पण तक्रार सरकारकडे करायची असते, नऊ वर्षांच्या मुलीकडे नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला आपण कचरू नये.

त्या मुलाबद्दल: एकदाच बोलला असेल तर त्याच्या आईवडिलांवर धावून जाऊ नका. त्याला वाढदिवसाला बोलवता आलं तर बोलवा. पुन्हा पुन्हा होत असेल, इतर मुलं सामील होत असतील, तर वर्गशिक्षकांना लेखी कळवा, तारीख आणि शब्द जसेच्या तसे लिहा. २०१० च्या समानता कायद्यात वंशाबरोबर राष्ट्रीयत्व आणि राष्ट्रीय मूळ हेही येतं आणि तो कायदा शाळेला लागू आहे. पत्रात कायद्याचा उल्लेख पहिल्याच वेळी करू नका, तो हाताशी असू द्या.

राहिले आजोबा. त्यांचं वाक्य मायेचं आहे, पण “एवढंच लक्षात ठेव” यातला ‘एवढंच’ तिला टोचला असणार. त्यांना कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची आठवण करून द्या. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. धर्मानं ज्यू, भाषेनं मराठी, गावाचं नाव आडनावात: पेणकर, रोहेकर, किहीमकर. ते मराठी आहेत की ज्यू, यातलं एकच निवडा असं आपण त्यांना सांगितलं नाही. आणि खरं बोलायचं तर आपणही या परीक्षेत दर वेळी पास होत नाही. दादरला जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या तमिळ मुलीनं “मी मराठी” म्हटलं तर आपल्यातले किती जण क्षणभर थबकतील? मी थबकले असते, इथे येण्याआधी.

आधी त्या दोन तारखा जुळवून बघा. आयएलआर तिच्या जन्मानंतरचं निघालं आणि पासपोर्ट झालेला नसेल, तर खाली लिहा. एमएन-१ ला कोणते कागद जोडायचे आणि कोणत्या क्रमानं, ते मी सविस्तर सांगते.